काच हाय ती, ठोकू नगा

परवा नातीनं मोबाईल माझ्या नाकाला लावला आणि म्हणाली, "आजी, तू सांगायचीस ना ती यानवाली सिरियल, ती सापडली बघ. सगळे भाग आहेत." मी चष्मा शोधला, तिच्याकडून हवा तो भाग काढून घेतला आणि सोफ्यावर बसून शेवटपर्यंत पाहिला. वीस-बावीस मिनिटांचा असेल. संपल्यावर जी मळमळ सुरू झाली ती दुपारच्या जेवणापर्यंत गेली नाही. आमचे हे म्हणाले, पित्त झालं असेल, लिंबू पाणी घे. मी घेतलं. पण ते पित्त नव्हतं. इतक्या वर्षांनी, साठीला टेकल्यावर, ज्या गोष्टीची किळस आपल्याला तेव्हा यायला हवी होती ती आत्ता येत होती. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. गोड आठवणी हव्या असतील त्यांनी हे प्रकरण सोडून पुढचं वाचावं.

तेव्हा आम्ही बारामतीजवळ, माळेगावच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. आई, तात्या आणि मी. तात्या म्हणजे माझे वडील. ते कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे आपलं भजी तळायचं भांडं नव्हे. दोन मजली घराएवढं लोखंडी भांडं, त्याच्या पोटात उसाचा पाक उकळत असतो आणि बाहेरच्या अंगाला बत्तीसारख्या गोल जाड काचा ओळीनं बसवलेल्या असतात. त्या काचांतून आत बघायचं, मधूनच एका दांड्यानं थोडा पाक बाहेर काढायचा, काचेच्या तुकड्यावर पसरून उजेडाला धरायचा आणि साखरेचा दाणा धरला का नाही ते सांगायचं. तात्या ते सांगायचे. इंजिनियर साहेब विचारायचे, "काय तात्या?" तात्या म्हणायचे, "थांबा. आजून न्हाय." आणि साहेबसुद्धा थांबायचे. एवढा त्यांच्या शब्दाला मान. गंमत म्हणजे स्वतः चहात साखर घेत नसत. दिवसभर गोडाचा वास नाकात भरलेला असायचा, त्यामुळे घरी आले की त्यांना बाजरीची भाकरी, लसणीचं तिखट आणि कच्चा कांदा लागायचा. हुलग्याचं माडगं केलं की वाटी तोंडाला लावून पीत आणि "आता तोंडाला चव आली" म्हणत.

हंगामात आमच्या वसाहतीला चोवीस तास आवाज असायचा. गाळपाची घरघर, उसाच्या ट्रॅक्टरचे हॉर्न, बैलगाड्यांच्या घुंगरांचा नाद आणि पाळीचा भोंगा. भोंग्यावर आई कुकर लावायची. आणि हंगाम संपून कारखाना बंद पडला की इतकी शांतता व्हायची की माणसं उगाचच मोठ्यानं बोलायची. अशाच एका बंद हंगामात, यंत्रं उघडून दुरुस्ती चालू असताना, मुंबईहून ती माणसं आली. त्यांना त्यांच्या मालिकेसाठी दुसरा ग्रह पाहिजे होता आणि आमच्या कारखान्यातले पाईप, जिने आणि पॅन बघून त्यांना तो सापडला होता.

मालिकेचं नाव लांबलचक आणि संस्कृत होतं. आमच्याकडं सगळे तिला नुसतं 'यान' म्हणत. रविवारी सकाळी लागायची. एक चंदेरी कपड्यातला कप्तान, एक चंदेरी कपड्यातली बाई, एक म्हातारा शास्त्रज्ञ आणि त्यांच्याकडं दिवे लुकलुकणारी एक पेटी. ही पेटी म्हणजे भाषायंत्र. विश्वातला कुठलाही जीव कुठल्याही भाषेत बोलला तरी पेटी त्याचं हिंदी करून सांगायची. मी त्या मालिकेची वेडी होते. बारामतीला कॉलेजला जायचे आणि सोमवारी मैत्रिणींमध्ये दुसरा विषय नसायचा. त्यामुळे ग्रहावरचे रहिवासी म्हणून कारखान्यातलेच दहा-बारा कामगार पाहिजेत असं कळलं, तेव्हा मी तात्यांच्या मागं हात धुऊन लागले.

"मला काय येतंय तसलं? मी काय नटुवा हाय व्हय?" तात्या म्हणाले.

"तुमाला काय करायचंच न्हाय, तात्या. नुसतं हुबं ऱ्हायाचं. समदा देश बघंल तुमाला."

"देशानं मला बघून काय करायचंय?"

"माज्यासाठी जावा की."

हे शेवटचं मी म्हटलं आणि ते गेले. एकुलत्या एका मुलीनं काही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं असं कधी झालं नव्हतं.

चित्रीकरण बघायला आम्हा बायकांना लांबच्या जिन्यावर उभं केलं होतं. रंगभूषावाल्यानं रहिवाशांना कमरेपर्यंत उघडं करून अंगाला काहीतरी हिरवं फासलं, ते दिग्दर्शकाला आवडलं नाही. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की इथं मळी आहे. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, चिकट, आंबूस वासाचा रस. बादल्या भरून आणल्या आणि आमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांच्या केसांपासून बेंबीपर्यंत ती ओतली. माशा आल्या. माशा आल्यावर दिग्दर्शक आणखी खूश झाला. मला त्या वेळी घाण वाटली नाही हे मी इथं कबूल करते. मला वाटलं, काय भारी दिसतंय.

प्रसंग असा होता. कप्तान येऊन पॅनपाशी उभा राहतो, हातातल्या सळईनं त्यावर ठोकतो, आणि रहिवाशांचा म्होरक्या धावत येऊन त्याच्या भाषेत काहीतरी बोलतो. म्होरक्या केलं होतं तात्यांना, कारण त्यांच्या मिशा. तात्या तीनदा धावत आले आणि तीनदा नुसते उभे राहिले. दिग्दर्शक ओरडला, "अरे बाबा, कुछ भी बोलो. कुछ मतलब नहीं चाहिए, बस आवाज़ चाहिए." चौथ्या वेळी कप्तानानं चुकून म्हणा की जोशात म्हणा, सळई लोखंडावर न मारता खालच्या काचेवर मारली. त्याबरोबर तात्या खरंच धावले. दोन्ही हात काचेवर आडवे धरून म्हणाले, "आरं काच हाय ती, ठोकू नगा! ह्यातनं दाणा बघायचा आसतोय. काच गेली तर हंगामाला आमी काय बघायचं? हात जोडतो, बाबा, ठोकू नगा." आणि खरंच हात जोडले. मागून दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला. त्याला हवी तशी ग्रहाची भाषा मिळाली होती.

घरी आल्यावर आईनं गरम पाण्याचे तीन हंडे तात्यांच्या अंगावर ओतले. तरी मानेच्या घडीत आणि कानामागं मळी राहिलीच. पहाटे ते खाजवत उठले तर अंथरुणाला मुंग्यांची रांग. आई गोधडी झटकताना म्हणाली, "मानसाला मुंग्या लागल्या. आता माज्या जल्मात बघायचं काय ऱ्हायलं?" तात्या हसले. त्यांना काचेचं विचारलं तर म्हणाले, "वाचली."

पुढं तो भाग टीव्हीवर लागायच्या सुमारास इंदापूरचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून, त्यांना सगळं इंदापूर भाऊसाहेब म्हणायचं. मुलगा बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात प्रयोगशाळेत होता, मोटारसायकलवर यायचा-जायचा. एकदा बघून गेले होते. मला तो आवडला होता. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, एकदा रंगावरून आणि एकदा काही कारण न सांगताच, आणि तिसरा नकार आला तर काय, या विचारानं मी नीट जेवत नव्हते. आता ते होकार-नकार सांगायला परत येणार होते. आणि तात्यांनी, माझ्या साध्याभोळ्या तात्यांनी, त्यांना कळवलं, "रविवारी सकाळीच या. आमचा कार्यक्रम हाय टीव्हीवर. संगंच बघू." व्याह्यांवर छाप पडावी म्हणून. खरं सांगायचं तर ही कल्पना त्यांची नव्हती, माझी होती.

रविवारी सकाळी भाऊसाहेब, त्यांची बायको आणि मुलगा असे तिघं आले. भाऊसाहेबांचं बोलणं कागदावर लिहिल्यासारखं. "आहे", "नाही", "आपण बसा". त्यांच्याच घरची म्हातारी माणसं हाय-न्हाय बोलत असणार, पण भाऊसाहेबांनी कचेरीच्या पायरीवर ते चपलांसारखं काढून ठेवलेलं होतं. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वसाहतीतली माणसं दाराखिडकीत दाटली होती. आई पोहे परतत होती, मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून मला टीव्हीही दिसत होता आणि मुलगाही.

त्या भागाबद्दल मला काय वाटतं ते आता लिहिते, कारण तेव्हा मला काही वाटलंच नाही. मला फक्त माझं लग्न दिसत होतं. परवा मोबाईलवर तो भाग पाहिला तेव्हा पहिल्यांदा डोकं लावून पाहिला. तारे ओलांडून येणारं यान. इतकं अंतर कापून आल्यावर यांना काय सापडतं, तर उघडी, चिकट, माशा बसलेली माणसं, ज्यांना स्वतःचं काही डोकं नाही. पण त्या माणसांच्या मागं दोन मजली यंत्र आहे, त्याला वाफेचे पाईप आहेत, दाब मोजायचं घड्याळ आहे, ओळीनं काचा आहेत. हे कुणी बनवलं? कोण चालवतं? तो विद्वान शास्त्रज्ञ हे एका शब्दानं विचारत नाही. तो म्हणतो, हे यांचं दैवत आहे. ज्या यंत्राजवळ उभं राहून माझ्या वडिलांनी निम्मं आयुष्य डोळे ताणले, त्याची त्यांच्याकडून पूजा करून घेतली, पुढं लोळण घ्यायला लावलं. शी. लेखकाला, दिग्दर्शकाला, कुणालाच असं वाटलं नाही की या कामगारांपैकी एकाला विचारावं, बाबा रे, हे काय आहे.

आणि मग ती पेटी. तात्या धावत येतात, काचेवर हात आडवे धरतात. त्यांचा आवाज त्यांनी बदललेलाही नाही, जसाच्या तसा ठेवला आहे. "आरं काच हाय ती, ठोकू नगा." सगळा महाराष्ट्र समजू शकेल असं स्वच्छ बोलणं. पेटीचे दिवे लुकलुकतात आणि पेटी सांगते, "प्राणी कह रहा है, यह स्त्री हमें दे दो. हमारा देवता भूखा है." हिंदीत प्राणी म्हणजे जीव असेलही. आमच्याकडं प्राणी म्हणजे जनावर. विश्वातल्या सगळ्या भाषा कळणाऱ्या त्या पेटीला बारामतीची भाषा कळली नाही. न कळेना, पण न कळता तिनं एका सज्जन माणसाच्या तोंडात काय घातलं? काच वाचवायला जोडलेले हात, ते म्हणे बाई मागायला जोडले. चंदेरी बाई किंचाळते. कप्तान तात्यांच्या छातीवर पाय ठेवून त्यांना ढकलतो, ते मळीत उताणे पडतात, आणि शेवटी पुठ्ठ्याचा एक पॅन धडाम करून फुटतो आणि ग्रह म्हणे मुक्त झाला.

त्या रविवारी आमच्या खोलीत पेटी हे बोलली. दारातली माणसं तात्यांकडं बघायचं टाळत होती. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. त्यांची बायको पदराला हात लावून बसली. मुलाच्या ओठाचा एक कोपरा हलत होता, पण त्याला कळत नव्हतं की इथं हसलेलं चालेल की नाही. तात्या पडद्याकडं बघत होते, त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं, हिंदी त्यांना बेताचंच यायचं. मला उमगलं होतं. मला हेही उमगलं की आता या क्षणाला मी या माणसाची मुलगी ठरले तर संपलं.

मी हसले. पहिली मी हसले. ट्रेमधले कप वाजेपर्यंत हसले आणि म्हणाले, "अगं बाई, तात्या किती गावठी बोलतात नाही!" तेही असं, भाऊसाहेबांसारखं 'आहे-नाही'तलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग काय, परवानगीच मिळाली. मुलगा हसला, त्याची आई हसली, दारातली माणसं हसली. भाऊसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहुणे, तुम्ही तर कलावंत निघालात. आम्हाला एकदा बोलून दाखवा की तुमची परग्रहाची भाषा."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पॅनच्या काचेतून बघायचे तसं, डोळे बारीक करून. आत काय झालं आहे ते त्यांना बरोबर दिसलं. मग ते उठून उभे राहिले, इस्त्रीच्या सदऱ्यात दोन्ही हात आडवे धरले आणि म्हणाले, "आरं काच हाय ती, ठोकू नगा." खोली हसली. भाऊसाहेब म्हणाले, "ते हात जोडायचं राहिलं." तात्यांनी परत केलं, हात जोडून. भाऊसाहेबांना, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना. स्वयंपाकघरात आईनं उलथनं कढईत टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

चहा झाला, पोहे झाले आणि भाऊसाहेबांनी होकार दिला. मला जे हवं होतं ते मला मिळालं. नवरा चांगला मिळाला, उगाच खोटं कशाला लिहू. त्या दिवशी त्याच्या जागी कुणीही हसला असता. त्याला हसायला मी लावलं होतं.

लग्नानंतर तात्या पहिल्यांदा इंदापूरला आले ते एसटीनं, पिशवीत शेंगा आणि आईनं दिलेलं तिखट घेऊन. सासूबाईंनी विचारलं, प्रवास कसा झाला? तात्या खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाले, "चांगला झाला. गाडी वेळेवर होती. गर्दी नव्हती." मला वाटलं मी चुकून दुसऱ्या कुणाचं ऐकलं. एकेक शब्द पाढे म्हटल्यासारखा, आधी मनात जुळवून मग बाहेर. "आमच्याकडे सर्व ठीक आहे." ते गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "तुझे वडील तर बातम्या दिल्यासारखे बोलतात गं." घरात पुन्हा एकदा हशा झाला. त्यानंतर ते जितक्या वेळा आले तितक्या वेळा तसंच बोलले, आणि येणंही कमी कमी करत गेले.

मला वाटायचं, ते इंदापूरपुरतं असेल. पण दिवाळीला माहेरी गेले तर तिथंही "ये, बस. कशी आहेस?" मी मुद्दाम म्हणायचे, "बरी हाय की, तात्या." तरी ते "छान, छान" म्हणून बाहेर जायचे. एकदा न राहवून आईला विचारलं, ह्यांना आता असंच बोलायची सवय लागली का? आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "कुठली सवय? तू आलीस की तसं बोलत्यात. तू गाडीत बसलीस की मंग आमच्यासंगं नीट बोलत्यात."

मी माफी मागितली का? नाही. मागायची कशी तेही कळलं नाही. कितीदा जुळवाजुळव केली. माफी मागायची तर तो रविवार पुन्हा काढायला लागला असता, आणि ते हात जोडून उभे राहिलेले मला पुन्हा बघायचे नव्हते. तात्या निवृत्त झाले, आई गेली, वसाहतीतली खोली सुटली. माझ्या मुलांशीसुद्धा आजोबा म्हणून ते तसंच शुद्ध बोलले. मुलांना वाटायचं, आपले आजोबा शिक्षक होते.

शेवटच्या दुखण्यात ते बारामतीला दवाखान्यात होते. दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही दोघंच. ते उशीला टेकून पडले होते, कण्हत होते, आणि कण्हताना त्यांच्या तोंडून "आयं गं, आयं गं" येत होतं. कित्येक वर्षांनी मी त्यांचा तो आवाज ऐकत होते. मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "तात्या, लई दुखतंय का?"

त्यांनी कण्हणं गिळलं. डोळे उघडून आधी दाराकडं बघितलं. "नाही," ते म्हणाले. "आता बरं आहे. कोणी आलं आहे का?"

"कुनी न्हाय आलं, तात्या. हितं आपुन दोगंच हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू आहेस ना," ते म्हणाले, आणि अंगावरची चादर नीट करून पाहुण्यांसमोर बसावं तसे सावरून बसले.